ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि मजकुरातला नमुनाशोध

टेक्स्ट फाइलमधून हवी ती मूल्ये वेगळी काढायची म्हणजे मजकुराची ठेवण ओळखायची, ती ठेवण चिन्हांच्या भाषेत लिहायची आणि जिथे ती आढळेल तिथला नेमका तुकडा उचलायचा. चिन्हांत लिहिलेल्या या वर्णनाला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. प्रोग्रामर मंडळी त्याला थोडक्यात रेजेक्स म्हणतात. या लेखात त्यासाठी ‘नमुना’ हा शब्द वापरला आहे. पावसाचा रोजचा अहवाल, मालमत्ता कराची यादी, सातबारा, बँकेचे खातेपत्रक, पोलिसांची प्रेसनोट, निविदेची जाहिरात हे सारे माणसाने वाचावे म्हणून लिहिलेले असते. त्यातले आकडे बेरजेला, तुलनेला किंवा नकाशावर मांडायला हवे असतील, तर आधी ते मजकुरातून सुटे करावे लागतात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या पट्ट्यातले असे बहुतेक कागद मराठीत आहेत. इंग्रजी मजकुरासाठी घडलेली ही विद्या मराठी मजकुरावर आणली की तिचे जे होते, ते पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडते.

या विद्येचा उगम गणितात आहे. अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये मज्जापेशींच्या जाळ्याच्या गणिती प्रतिरूपावर काम करताना ‘नियमित घटना’ ही कल्पना मांडली आणि १९५६ मध्ये ती छापून आली. ‘शून्य किंवा कितीही वेळा’ या अर्थाने आज वापरले जाणारे ताऱ्याचे चिन्ह त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी हे गणित मजकूर शोधण्याच्या कामी जुंपले. १९७३ च्या युनिक्समध्ये ग्रेप हे शोधसाधन आले, १९७७ मध्ये ऑक आणि १९८७ मध्ये पर्ल या मजकूर हाताळणाऱ्या भाषा आल्या. १९९७ मध्ये फिलिप हेझल यांनी पर्लच्या धर्तीवर पीसीआरई ही प्रोग्रामिंगची लायब्ररी लिहिली. ही साधने तयार होत होती तेव्हा संगणकाला अक्षर म्हणून १२८ चिन्हांचा आस्की संच ठाऊक होता. देवनागरी त्यात नव्हती. भारतीय लिप्यांसाठीचा इस्की संकेत १९८८ मध्ये आला, १९९१ मध्ये तो मानक ठरला आणि युनिकोडची देवनागरीची मांडणी त्याच्यावर बेतली गेली. शोधाची यंत्रे आधी तयार झाली आणि लिपी मागाहून आली. पुढच्या अनेक अडचणींचे मूळ या क्रमात आहे.

पावसाच्या अहवालावरचा साधा नमुना

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाल्यापासून ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले: ठाणे, कल्याण, मुरबाड, भिवंडी, शहापूर, उल्हासनगर आणि अंबरनाथ. पावसाळ्यातल्या एखाद्या दिवसाच्या तालुकावार अहवालाची फाइल अशी असल्याचे समजू:

कल्याण : ११२.४ मि.मी.
मुरबाड : ८७.० मि.मी.
शहापूर : निरंक

आकडे उदाहरणापुरते आहेत. कल्याणचा पाऊस उचलायचा नमुना असा लिहिता येईल:

^कल्याण[ :-]+([0-9०-९]+(?:\.[0-9०-९]+)?) *मि\.? ?मी

आरंभीचे टोपीचे चिन्ह ‘ओळीच्या सुरुवातीलाच’ असे बजावते. चौकटी कंसात अनेक पर्यायी अक्षरे असतात आणि त्यांपैकी कुठलेही एक चालते. अधिकचिन्ह म्हणजे एक किंवा अधिक वेळा, तारा म्हणजे शून्य किंवा अधिक वेळा, प्रश्नचिन्ह म्हणजे असले तर असो. एकटा बिंदू ‘कोणतेही अक्षर’ असा अर्थ घेतो, म्हणून खरा दशांशबिंदू हवा असेल तेव्हा त्याच्यामागे उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. गोल कंस सर्वांत महत्त्वाचा. पूर्ण ओळ नमुन्याशी जुळते, पण हातात पडतो तो कंसातला भाग, म्हणजे इथे ११२.४. याला कॅप्चर ग्रुप म्हणतात आणि मूल्य काढण्याचे सारे काम त्याच्यावर चालते. कंस उघडताच प्रश्नचिन्ह आणि अपूर्णविराम (:) आले, तर तो कंस नुसता एकत्र बांधण्यापुरता असतो. त्यातले काही वेगळे ठेवले जात नाही.

एवढा नमुना एका दुपारी शिकता येतो. खरी परीक्षा तिसऱ्या ओळीवर होते. सरकारी मराठीत पाऊस न पडल्याची नोंद ‘०’ अशी असेलच असे नाही. तिथे ‘निरंक’ लिहायची रीत आहे. कल्याणच्या जागी शहापूर घातले तरी अंकांची वाट पाहणारा नमुना ती ओळ गुपचूप सोडून देतो, आणि महिन्याची सरासरी काढताना कोरडा दिवस हिशेबातून गळतो. उलट ‘अहवाल अप्राप्त’ असे लिहिले असेल तर तो दिवस शून्य धरणे तितकेच चूक. म्हणून कंसात (निरंक|अप्राप्त|अंक) असे तिन्ही पर्याय ठेवून, मि.मी.ची अट फक्त अंकांपुरती ठेवून, त्यांचे अर्थ पुढे वेगवेगळे लावावे लागतात. नमुना न जुळलेल्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये साठवून त्या डोळ्यांनी वाचणे ही या कामातली सर्वांत उपयोगी सवय आहे. जुळलेल्या ओळींपेक्षा न जुळलेल्या ओळी फाइलविषयी जास्त शिकवतात.

आणखी एक खाचखळगा हावरेपणाचा. तारा आणि अधिकचिन्ह शक्य तेवढा मजकूर गिळतात. एकाच ओळीत ठाण्याचा आणि कल्याणचा पाऊस असेल, तर ‘ठाणे’पासून ‘मि.मी.’पर्यंत सारे काही मागणारा नमुना पहिल्या मि.मी.वर थांबत नाही, शेवटच्या मि.मी.पर्यंत धावतो. ताऱ्यामागे प्रश्नचिन्ह लावले की तो कमीत कमी घेतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे ‘काहीही’ मागणेच टाळणे: अंक हवे असतील तर अंकच मागावेत.

‘ठाणे’ कोणते, ‘कल्याण’ कोणते

या परिसराची एक अडचण महाराष्ट्रातल्या फार थोड्या शहरांच्या वाट्याला आली आहे. इथल्या दोन मोठ्या शहरांची नावे मराठीतले रोजचे शब्दही आहेत. वर्तमानपत्राच्या जुन्या अंकांतून किंवा प्रेसनोटच्या संग्रहातून ठाण्याविषयीच्या ओळी काढायच्या म्हटल्या की ‘मानपाडा पोलीस ठाणे’, ‘ठाणे अंमलदार’, ‘पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल’ अशा ओळींचा ढीग हाती लागतो. कल्याण शोधावे तर ‘महिला व बालकल्याण’, ‘समाजकल्याण’, ‘कामगार कल्याण केंद्र’ पुढे उभे राहते. ‘ठाणे नगर पोलीस ठाणे’ या नावात तर एकाच ओळीत पहिले ठाणे शहर आहे आणि दुसरे पोलिसांचे कार्यालय.

यासाठी नमुन्याच्या भाषेत मागेपुढे डोकावण्याची सोय आहे:

(?<!पोल[िी]स )ठाण(?:े|्या)(?! अंमलदार)

पहिला कंस ‘याच्या आधी पोलीस हा शब्द नसावा’ असे सांगतो. पोलीस आणि पोलिस ही दोन्ही लेखने चालतात, म्हणून चौकटीत दोन्ही वेलांट्या. शेवटचा कंस ‘यापुढे अंमलदार नसावा’ असे सांगतो. मधला भाग मराठी व्याकरणासाठी आहे. ठाणे हे नाव विभक्ती घेताना ‘ठाण्या’ होते: ठाण्यात, ठाण्याला, ठाण्याहून, ठाण्याच्या. केवळ ‘ठाणे’ शोधणारा नमुना ही सारी रूपे हरवतो, आणि मराठी वाक्यांत नाव सामान्यरूपातच अधिक भेटते. डोंबिवली या बाबतीत सरळ आहे, डोंबिवलीत आणि डोंबिवलीच्या या दोन्हींत मूळ शब्द अखंड राहतो. कल्याणचेही तसेच, ‘कल्याणातील’मध्ये काना जोडला जातो, पण आधीची अक्षरे तीच राहतात.

समाजकल्याण आणि बालकल्याण टाळायला ‘शब्दाची सीमा’ ही जुनी सोय पुरेशी वाटते. इंग्रजीत ती बॅकस्लॅश-बी या चिन्हाने मिळते, आणि मराठीत नेमकी तीच दगा देते. सीमा म्हणजे शब्दातले अक्षर आणि शब्दाबाहेरचे अक्षर यांच्यामधली जागा. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त हे ‘शब्दातले अक्षर’ आहेत की नाहीत, यावर सगळ्या साधनांचे एकमत नाही. पायथॉनच्या अंगभूत आरई मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू ही खूण अक्षरे आणि अंक ओळखते, पण मात्रा ओळखत नाही. तिथे ‘ठाणे’ या शब्दाचे ‘ठ’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे पडतात, ‘डोंबिवली’चे ‘ड’, ‘ब’, ‘वल’ आणि ‘कल्याण’चे ‘कल’, ‘य’, ‘ण’. जावास्क्रिप्टमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू आणि बॅकस्लॅश-बी यांना आस्कीपलीकडचे अक्षरच ठाऊक नाही. पर्ल मात्रांना शब्दाचा भाग मानते. पायथॉनसाठीच वेगळे मिळणारे रेजेक्स नावाचे पॅकेजही तसेच वागते आणि मराठीसाठी तेच घ्यावे.

ते शक्य नसेल तिथे देवनागरीचा पूर्ण पट्टा स्वतः लिहून सीमा बांधता येते: (?<![ऀ-ॿ])कल्याण. म्हणजे कल्याणच्या लगेच आधी देवनागरी चिन्ह नसावे. या पट्ट्यात दंड आणि देवनागरी अंकही येतात, एवढे ध्यानात ठेवले की काम भागते. ‘कामगार कल्याण केंद्र’ मात्र याने सुटत नाही, कारण तिथे मध्ये मोकळी जागा आहे. त्यासाठी कल्याणच्या पुढेमागे येणाऱ्या शब्दांची वर्ज्य यादी लागते: कामगार, महिला, निधी, मंडळ, योजना. ही यादी कुठल्या पुस्तकात मिळत नाही, इथले कागद वाचूनच ती वाढत जाते.

एक दिसते, पण एक नसते

डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाला वेगळे असू शकतात. ‘कर्मचाऱ्यांची’ या शब्दातला अर्धा ऱ दोन प्रकारे टंकला जातो: ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यामागे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. छापील रूप एकच, आतले संकेत निराळे. महापालिकेच्या कुठल्याही ठरावात असे शब्द पानोपानी येतात, तेव्हा हा भेद दुर्लक्षून चालत नाही. वकिलांच्या नावाआधीच्या ‘ॲड.’मधले ‘ॲ’ हे अक्षर २००८ पासून युनिकोडमध्ये स्वतंत्र आहे. त्याआधीच्या आणि नंतरच्याही पुष्कळ फाइलींत ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेले आढळते. युनिकोडचे प्रमाणीकरण यांपैकी काही भेद मिटवते. र खाली नुक्ता देऊन केलेला ऱ त्याने एकसारखा होतो, पण वर सांगितलेले दोन्ही भेद तसेच राहतात. त्यामुळे शोधाआधी मजकूर स्वच्छ करण्याची एक पायरी लागतेच: प्रमाणीकरण करावे, न दिसणारी जोडचिन्हे ठरवून ठेवावीत किंवा काढावीत, सलग मोकळ्या जागांची एकच जागा करावी, छोटी-मोठी आडवी रेघ एकसारखी करावी. कल्याण-डोंबिवली या जोडनावातली रेघच तीन-चार प्रकारची सापडते. मागे डोकावणारा कंस पायथॉनच्या अंगभूत मॉड्यूलमध्ये ठरावीक लांबीचाच चालतो. ‘पोलीस’ आणि ‘ठाणे’ यांच्यामध्ये दोन मोकळ्या जागा असल्या की वरचा नमुना फसतो, तेव्हा ही स्वच्छता तिथेही उपयोगी पडते.

अंकांचेही असेच. पायथॉन-३ मध्ये बॅकस्लॅश-डी ही खूण देवनागरी अंक ओळखते आणि ‘४२१२०१’ ही अक्षरे थेट संख्येत बदलूनही मिळतात. जावास्क्रिप्टमध्ये तीच खूण फक्त इंग्रजी अंक ओळखते. एकाच फाइलीत, कधी एकाच ओळीत, दोन्ही लिप्यांचे अंक मिसळलेले असतात. सगळे अंक आधी एका लिपीत आणणे हाच निर्धोक मार्ग.

सर्वांत मोठे दुखणे पीडीएफचे. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि युनिकोडमध्येही नंतरच साठवली जाते. कागदावर ती व्यंजनाच्या डावीकडे रेखाटली जाते. पुष्कळ पीडीएफ फाइलींतून मजकूर काढला की हा रेखाटनाचा क्रम बाहेर येतो आणि ‘डोंबिवली’ची ‘डोंिबवली’ होते, ‘महानगरपालिका’ची ‘महानगरपािलका’, ‘निवडणूक’ची ‘िनवडणूक’. शब्दारंभी किंवा दुसऱ्या मात्रेमागे वेलांटी येणे मराठीत अशक्य आहे, म्हणून अशी बिघडलेली फाइल नमुन्याने चटकन ओळखता येते. तिची दुरुस्तीही नमुन्याने करता येते: वेलांटी आणि तिच्यापुढचे व्यंजन यांची अदलाबदल. मात्र ही अदलाबदल शुद्ध मजकुरावर चालवली तर ती ‘डोंबिवली’ची ‘डोंबविली’ करून ठेवते. शिवाय बिघाडातून जेव्हा ‘कविता’ची ‘किवता’ होते, तेव्हा चूक पकडायला नमुन्याजवळ काही खूण नसते. तिथे शब्दकोशच लागतो. युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये केलेले कागद याहून वाईट. श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीत पडद्यावर मराठी दिसते, पण आत निराळ्याच संकेतांची अक्षरे असतात. त्या फाइली आधी त्या-त्या फाँटच्या तक्त्याने रूपांतरित कराव्यात. थेट नमुना लावण्यात अर्थ नाही.

अंकांची भाषा

काही मूल्ये इतकी शिस्तीत असतात की नमुना त्यांच्यासाठीच जन्मला असे वाटावे. १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झालेला पिनकोड सहा अंकी आहे. ठाणे शहराचे पिन ४००६ ने सुरू होतात, डोंबिवलीचे ४२१२ ने, कल्याणचे ४२१३ ने. एकाच जिल्ह्यात ४०० आणि ४२१ अशा वेगळ्या मालिका असल्याने पत्त्यांच्या यादीतून ठाणे आणि कल्याणकडचे पत्ते वेगळे करायला पहिले तीन अंक पुरतात. दूरध्वनीतही हीच फाळणी आहे: ठाणे मुंबईच्या ०२२ मध्ये, कल्याण-डोंबिवली ०२५१ मध्ये. वाहनांवर ठाण्याला एमएच ०४, कल्याणला एमएच ०५. अशा वेळी काळजी एवढीच घ्यायची की सहा अंक मागणारा नमुना दहा अंकी मोबाइल क्रमांकातून पहिले सहा अंक उचलणार नाही. त्यासाठी आधी आणि नंतर अंक नसावा अशी अट घालावी लागते. ‘४२१ २०१’ असा मध्ये जागा सोडून लिहिलेला पिनही धरावा लागतो.

पैशाच्या रकमेत भारतीय स्वल्पविराम येतात. १,०५,००० ही रक्कम पाश्चात्त्य पद्धतीच्या तयार नमुन्यात बसत नाही, कारण तिथे दर तीन अंकांनी स्वल्पविराम अपेक्षित असतो. शेवटचे तीन अंक आणि त्याआधी दोन-दोनचे गट असा नमुना लागतो. रकमेआधी ‘रु.’, ‘रुपये’ किंवा २०१० मध्ये स्वीकारलेले ₹ हे चिन्ह, आणि शेवटी ‘/-’. वर्तमानपत्री मराठीत तर रक्कम अंकांत असेलच याचा भरवसा नाही. सव्वा लाख, दीड कोटी, पावणेदोन कोटी, अडीच हजार, साडेतीन लाख: हे शब्द नमुन्याने शोधता येतात, पण त्यांचे मूल्य नमुना सांगत नाही. त्यासाठी शेजारी तक्ता ठेवावा लागतो. सव्वा म्हणजे १.२५, पावणेदोन म्हणजे १.७५, साडे म्हणजे पुढच्या अंकात अर्धा मिळवणे.

दशांशबिंदूचा घोळ या गावांत रोजचा आहे. मराठीत वेळ ‘सकाळी ८.०५ वाजता’ अशी लिहितात, आणि लोकलने प्रवास करणारा डोंबिवलीकर गाडीला तिच्या वेळेनेच ओळखतो. दशांश संख्या शोधणारा नमुना ‘८.०५ची लोकल’ आणि ‘८.०५ मि.मी.’ यांत भेद करत नाही. भेद शेजारच्या शब्दात असतो. म्हणून संख्या एकटी कधी उचलू नये. तिचे एकक तिच्याबरोबर नमुन्यात बांधावे. पावसाच्या नमुन्यात शेवटी मि.मी. मुद्दाम ठेवले आहे ते याचसाठी.

जमिनीचे कागद सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाचे. ‘मौजे गजबंधन पाथर्ली, स.नं. ४५, हि.नं. २/१ब’ अशा ओळीत गाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर अशी तीन मूल्ये असतात (इथले क्रमांक उदाहरणापुरते). ‘स.नं.’ हे ‘सर्व्हे नंबर’, ‘सर्वे नं.’, ‘स. क्र.’ असेही लिहिले जाते, तेव्हा नमुना असा रुंद करावा लागतो:

स(?:\.|र्वे|र्व्हे) *(?:नंबर|नं\.?|क्र\.?) *([0-9०-९]+)

हिस्सा नंबर ही संख्या नसून ओळखखूण आहे. तिच्यात तिरकी रेघ आणि अक्षरे येतात. ती मजकूर म्हणूनच ठेवावी. इंग्रजी अंकांतला २/१ एक्सेलमध्ये नेला की त्याची तारीख होते आणि मूळ नोंद कायमची नाहीशी होते. मालमत्तेच्या यादीत अशी एक तारीख शिरली तर तो हिस्सा कोणाचा हे पुन्हा मूळ कागद काढल्याशिवाय कळत नाही.

आकार आणि सत्य

नमुना जुळला म्हणजे मूल्य खरे ठरत नाही. बारवी धरणाची पूर्ण संचय पातळी ७२.६० मीटर आहे. ओसीआरमध्ये, म्हणजे स्कॅन केलेल्या कागदावरून यंत्राने मजकूर वाचताना, बिंदू गळून ७२६० झाले तरी अंकांचा नमुना ते आनंदाने स्वीकारतो. काढलेल्या प्रत्येक मूल्याला शक्यतेची मर्यादा लावणे हे वेगळे काम आहे आणि ते कोडमध्ये वेगळेच लिहावे. काही क्रमांकांत तपासणीची सोय आतच असते. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंक व्हेरहॉफ पद्धतीने आधीच्या अंकांवरून निघतो. जीएसटी क्रमांकाच्या पंधरा अक्षरांत पहिले दोन राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. पुढचे दहा म्हणजे पॅन, आणि शेवटचे अक्षर तपासणीचे. आयएफएससीतले पाचवे अक्षर नेहमी शून्य असते, आणि ओसीआर तिथे हमखास इंग्रजी ओ वाचतो. अशा ठिकाणी नमुना आणि गणित दोन्ही चालवावेत.

गणितही जिथे पोचत नाही, तिथले उदाहरण डोंबिवलीचेच आहे. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, ठाणे जिल्ह्यातल्या प्रकल्पांना दिलेल्या अनेक नोंदणी क्रमांकांत पी या अक्षरामागे ५१७ येते. हा आकार कुठल्याही जाहिरातीतून अचूक उचलता येतो. कल्याण-डोंबिवली महापालिका हद्दीतल्या ६५ इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवल्याचे २०२२ मध्ये उघड झाले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. क्रमांक खरे होते, आकार निर्दोष होता, त्यामागची परवानगी खोटी होती. घरे घेतलेल्या कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी त्यात अडकली. क्रमांक उचलून तो ज्या कार्यालयाने दिला त्याच्या नोंदीशी ताडून पाहणे, ही पायरी सोडून केलेली कुठलीही पडताळणी अपुरी.

नमुन्याच्या स्वतःच्याही मर्यादा आहेत. कंसात कंस, त्यात पुन्हा कंस अशी कितीही खोल रचना नियमित भाषेत बसत नाही. एचटीएमएल किंवा जेसनसाठी त्यांचे स्वतंत्र पार्सर वापरावेत. दुसरा धोका वेळेचा. पर्लच्या परंपरेतली यंत्रे जुळणी फसली की मागे फिरून दुसरी वाट धरतात, आणि निष्काळजी नमुन्यात या वाटा प्रचंड वाढतात. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामर मंडळींचे संकेतस्थळ अशाच एका नमुन्याने बंद पडले. २ जुलै २०१९ रोजी तशाच दुसऱ्या नमुन्यामुळे क्लाउडफ्लेअरच्या जाळ्यावरची असंख्य संकेतस्थळे अर्धा तास कोलमडली. थॉम्पसन यांच्या १९६८ च्या पद्धतीत हा धोका नव्हता. गूगलने २०१० मध्ये खुले केलेले आरई-टू हे नमुनाशोधाचे यंत्र त्याच पद्धतीकडे परतले. गूगल शीट्समध्ये तेच चालते, त्यामुळे तिथे मागेपुढे डोकावणारे कंस मिळत नाहीत आणि पोलीस ठाणे वेगळे काढायला दोन पायऱ्या लागतात.

अलीकडे हे काम भाषिक मॉडेलकडे सोपवायचा कल वाढला आहे. विस्कळीत वाक्यातून अर्थ काढण्यात ते नमुन्यापेक्षा सरस आहे. पण ते कागदावर नसलेला आकडाही देऊ शकते. नमुना जे मजकुरात आहे तेच देतो, आणि का दिले ते अक्षर-अक्षर दाखवता येते. कराची, पावसाची, जमिनीची नोंद असेल तिथे हा गुण मोठा. मॉडेलने काढलेले प्रत्येक मूल्य मूळ फाइलीत शब्दशः आहे का, हे नमुन्याने तपासणे ही दोन्हींची योग्य जोडी आहे.

याच साधनाने मतदार यादीतून नावे आणि जाहिरातींतून मोबाइल क्रमांक गोळा करता येतात, म्हणून काढलेल्या माहितीची जबाबदारीही काढणाऱ्यावर येते. कागद पुढे पाठवण्याआधी आधारचे पहिले आठ अंक फुल्यांनी झाकणे हा नमुन्याचा सर्वांत सोपा आणि आवश्यक उपयोग आहे. त्यासाठी चार ओळींचा प्रोग्राम पुरतो.

या शतकाच्या आरंभी कल्याण-डोंबिवली महापालिकेने संगणकीकृत नागरी सुविधा केंद्राचा जो प्रयोग केला, तो पुढे राज्यातल्या इतर नगरपालिकांनी उचलला. तोच पुढाकार आता माहितीच्या स्वरूपाबाबत हवा. पावसाची, धरणांची, कराची आणि बांधकाम परवानग्यांची प्रत्येक यादी पीडीएफबरोबर युनिकोडमधल्या साध्या सीएसव्ही फाइलीतही प्रसिद्ध करावी, ‘निरंक’ आणि ‘अप्राप्त’ यांना ठरलेल्या खुणा द्याव्यात आणि सर्व्हे नंबरचे एकच लेखन पाळावे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांना हे आज, हाती असलेल्या संगणकांवर करता येण्यासारखे आहे.